जोडगोळी

'चालेल' हा शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. भाजीवाल्याने कोमेजलेली कोथिंबीर दिली तर मी ती त्याच्याच टोपलीत परत ठेवते. लग्नात कोणी नीट विचारलं नाही तर तोंडावर सांगते. नवरा म्हणाला, "आज बाहेरून मागवूया का?" तर कुठून मागवायचं, काय मागवायचं आणि सकाळच्या भाताचं काय करायचं, हे विचारल्याशिवाय मी हो म्हणत नाही. त्यामुळे मी गोड आवाजात "चालेल, चालेल" म्हणायला लागले की आमच्या घरातली माणसं हातातलं काम टाकून धावत येतात.

कारण ती माझी फिट असते.

फिट म्हटलं की लोकांना एकच चित्र दिसतं. माणूस रस्त्यात पडलेला, तोंडाला फेस, आणि कोणीतरी नाकाला कांदा नाहीतर चप्पल लावतंय. माझं तसं नाही. माझी फिट मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुटते, डॉक्टर तिला फोकल म्हणतात. आधी पोटातून काहीतरी वर चढतं, लिफ्ट एकदम खाली सुटल्यावर वाटतं ना, तसं. मग मी तिथे नसते. म्हणजे बसलेली असते, डोळे उघडे असतात. पण ओठ पान चघळल्यासारखे हलत राहतात, उजवा हात गाऊनची कड चोळत बसतो, आणि समोरचा काहीही बोलला तरी मी आपली "चालेल, चालेल". मिनिटभराने, कधी थोड्या जास्त वेळाने परत येते तेव्हा अंगातली सगळी ताकद गेलेली असते आणि शब्द सापडत नाहीत. कपाला मी 'ते पांढरं' म्हणते.

एकदा बिल्डिंगच्या बायका हळदीकुंकवाचं ठरवायला घरी आल्या होत्या. मला तेवढ्यात फिट आली. त्यांना काय कळणार? त्या मला विचारत गेल्या, सगळ्या बिल्डिंगचं तुमच्याकडेच ठेवूया ना, उसळ तुम्हीच कराल ना, आणि मी सगळ्याला चालेल म्हणत गेले. त्या संक्रांतीला आमच्या भांडुपच्या दोन खोल्यांत अख्खी बिल्डिंग शिरली. मला रडू येत होतं आणि बायका म्हणत होत्या, "किती बदललात हो तुम्ही."

हे सुरू झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. सासूबाई मालवणकडच्या, त्यांचं निदान ठरलेलं होतं. "गो बाय, तुका कोणाची तरी नजर लागली हा." पण नवरा समजूतदार निघाला, त्याने सरळ दवाखान्यात नेलं. तेव्हापासून एक गोळी चालू, सकाळी एक आणि रात्री एक. तिने झटके कमी झाले, पण थांबले नाहीत. महिन्यातून काही वेळा यायचेच. डॉक्टर बदलले, ताकद वाढवली, शेवटी ह्यापेक्षा वाढवता येणार नाही इथवर आलो. गॅसजवळ एकटीने उभं राहायचं नाही, जिना एकटीने उतरायचा नाही, हे सवयीचं झालं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी त्या दुखण्यालाही चालेलच म्हणत होते, आणि ते पूर्ण शुद्धीत.

मग मुलगी गरोदर राहिली. तिचं सासर बोरिवलीला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. मी जुन्या साड्यांच्या दुपट्यांना सुरुवातसुद्धा केली होती. पाचवा महिना लागला तेव्हा ती घरी आली, आणि जेवताना पानाकडे बघत म्हणाली, "आई, मी बोरिवलीलाच राहते बाळंतपणाला. हॉस्पिटल जवळ पडतं."

"इथे शेजारी मुलुंडला हॉस्पिटलं नाहीत का?"

"तसं नाही गं."

"मग कसं? सरळ बोल."

ती माझीच मुलगी, सरळच बोलली. "तुझ्या हातात बाळ असताना तू चालेल, चालेल म्हणायला लागलीस तर?"

नवरा उठून उगाच पाणी आणायला गेला. मला राग आला, आणि रागाला बोट दाखवायला कोणी नव्हतं म्हणून तो जास्तच आला. ती चुकीचं काय बोलली होती? माझ्या हातून मागच्याच महिन्यात चहाचं भांडं कलंडलं होतं. नशीब, माझ्याच पायावर. त्या दुपारी मी तिच्याशी धड बोलले नाही. ती गेल्यावर भांडी आपटली आणि मग ओट्याला टेकून रडले. मला नातवंड मांडीवर हवं होतं. हातातून कोणी काढून घेणार नाही असं, माझ्या एकटीच्या मांडीवर. बाकी काही मागणं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ह्या डॉक्टर बाई घाटकोपरच्या, घरात गुजराती, पण मराठी झकास बोलतात. फक्त कधी कधी शब्द स्वतः तयार करतात. मी त्यांना म्हटलं, "मला हे थांबवायचंय. कमी नको, थांबवायचंय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची गोळी पूर्ण ताकदीने चालू आहे, ती बंद नाही करायची. तिला आता एक जोड गोळी देऊ. रात्री घ्यायची. अगदी कमी ताकदीची, मग हळूहळू वाढवू."

"त्याने थांबेल?"

"काही जणांचं पूर्ण थांबतं. काहींचं कमी होतं. काहींना फरकच पडत नाही. तुम्ही त्यातल्या कुठल्या, ते घेतल्यावर कळणार. आणि दुसरी गोष्ट, गोळी मानवली पाहिजे. झोप येईल, चक्कर येईल, खूप उदास वाटेल किंवा चिडचिड वाढेल. काहीही झालं तर मला फोन करायचा. मनाने बंद करायची नाही."

"चिडचिड वाढली हे ओळखायचं कसं?" नवऱ्याने विचारलं. बिचाऱ्याने अगदी गंभीरपणे विचारलं होतं. डॉक्टर हसल्या. मी नाही हसले.

आमच्या घरी गोळ्यांचं खातं नवऱ्याकडे. तो कंपनीत स्टोअरमध्ये होता, निवृत्त झाल्यावर त्याचं स्टोअर म्हणजे माझा गोळ्यांचा डबा. घरी आल्या आल्या त्याने डबा मांडला आणि नव्या गोळ्या भरायला घेतल्या. रात्रीच्या कप्प्यात जुनी आणि नवी. सकाळच्या कप्प्यातही जुनी आणि नवी.

मी विचारलं, "अहो, रात्री म्हणाल्या ना त्या?"

"रात्री तर आहेच," तो म्हणाला. "पण जोडगोळी म्हणाल्या. ऐकलं नाहीस? जोडगोळी म्हणजे एक असेल तिथे दुसरी. सकाळची एकटी कशी जाईल?"

आता यात त्याला तरी काय बोलायचं? कंपनीत त्याची आणि त्याच्या एका मित्राची जोडगोळी होती. कॅन्टीनला एकत्र, सुट्टी एकत्र, साहेबांच्या शिव्यासुद्धा एकत्र. जोडगोळी हा शब्द ऐकल्यावर कोणताही मराठी माणूस दुसरा काय अर्थ लावणार? चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर होतं, ते त्याने चष्म्याशिवाय वाचलं आणि त्याला जे हवं होतं तेच दिसलं. मलाही ते पटलं. उलट मला वाटलं, दोन वेळा घेतली तर लवकर गुण येईल.

गुण आला, आणि असा आला की विचारू नका. चारपाच दिवसांत मला ओट्यावर दोन कढया दिसायला लागल्या. पॅसेज बोटीसारखा डुलायचा, मी भिंत धरून बाथरूमपर्यंत जायची. मटार सोलता सोलता मान खाली पडायची आणि मटार घरभर व्हायचे. रिक्षातून उतरताना पाय जमिनीवर टेकायच्या आधीच मी उतरल्यासारखं करायची. आणि डोक्यात सतत तिडीक. शेजारणीला बोलले, दूधवाल्याला बोलले, एका सकाळी कुकरची शिट्टी होईना म्हणून कुकरला वाट्टेल ते बोलले आणि मग खाली बसून रडले. नवऱ्याला यातलं काही वेगळं वाटलं नाही. त्याच्या मते मी नेहमीसारखीच होते, फक्त सकाळी थोडी लवकर सुरू व्हायची.

गंमत अशी की त्या दिवसांत फिट एकही आली नाही. फिट गेली आणि तिच्याबरोबर मीही गेले, असलं ते औषध.

मुलगी भेटायला आली. मी दार उघडायला भिंतीच्या आधाराने गेले, ते तिने पाहिलं. तिने मला पलंगावर बसवलं, पायाशी बसली आणि म्हणाली, "आई, माझ्यासाठी नको करूस हे. तू आधी होतीस तशीच बरी होतीस."

मला ते चहाच्या भांड्यापेक्षा जास्त भाजलं. म्हणजे माझ्यासाठी दोनच वाटा होत्या. एक तर झटक्यांसकट मी, नाहीतर झटके नसलेली ही डुलणारी बाई. दोघींच्याही हातात कोणी बाळ दिलं नसतं. वाट लागली, मी मनात म्हटलं, आता काही होणार नाही. ती गेल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, "मला ही गोळी मानवत नाही. फेकून द्या."

तो भित्रा माणूस, त्याच्या भित्रेपणाने मला वाचवलं. "डॉक्टरांनी मनाने बंद करायची नाही म्हणून सांगितलंय," असं म्हणत त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

मी सगळं सांगितलं. कढया, पॅसेज, मटार. डॉक्टर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "इतक्या कमी ताकदीला इतका त्रास होऊ नये. रात्री झोपतानाच घेता ना?"

"रात्रीही घेते."

"रात्रीही म्हणजे?"

"सकाळीही घेते ना."

"सकाळी कोणी सांगितलं?"

नवरा पुढे सरसावला. त्याला वाटलं, आपण केलेली व्यवस्था आता डॉक्टरांच्या कानावर जाईल. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, जोडगोळी. म्हणून मी दोन्ही वेळेला जोडीने देतोय. एकदाही चुकवलेली नाही."

पलीकडे त्या आधी हसल्या, आणि हसून झाल्यावर ओरडल्या, आधी त्याच्यावर, मग माझ्यावर. शेवटी म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. मी म्हणाले जोड गोळी, म्हणजे जोडीला दिलेली. तुम्ही दोघं तिचं लग्न लावून फिरवताय." सकाळची नवी गोळी उद्यापासून बंद, रात्रीची तेवढी चालू, आणि उद्या मला येऊन दाखवायचं, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघेना. कान लाल झाले होते. एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. गोळी वाईट नव्हती, मीही वाया गेलेली नव्हते. एका शब्दाने आमचा घोळ केला होता, बस. मी म्हटलं, "चहा ठेवा. आणि तो एकटाच आणा, जोडीला काही नको." तेव्हा कुठे तो हसला.

आठवड्याभरात कढई एकच दिसायला लागली. पॅसेज सरळ झाला. मग डॉक्टरांनी रात्रीची ताकद हळूहळू वाढवली, इतकी हळू की मला कंटाळा आला, पण ह्या वेळी शरीर तिच्याबरोबर चालत गेलं. सगळंच छान झालं असं म्हणणार नाही. संध्याकाळी अजून पेंग येते. कधी नेमका शब्द जिभेवर अडकतो. पण हे मी आनंदाने घेते. दुकानात घासाघीस करून मिळालेला भाव आहे तो, माझ्या मते चांगला मिळाला.

झटके लांबत गेले. शेवटचा आला तो मुलीच्या डोहाळजेवणात. बायका गाणी म्हणत होत्या आणि पोटातून ते वर चढलं, हात साडीच्या काठाकडे गेला. पण ह्या वेळी मी गेले नाही. गाणं ऐकू येत होतं, मला कळत होतं की हे आलंय आणि आता उतरतंय. कोणाच्याही लक्षात आलं नाही. फक्त फुलांच्या झोपाळ्यावर बसलेल्या माझ्या मुलीने गाणं चालू असताना मान वळवून माझ्याकडे पाहिलं होतं.

त्यानंतर आला नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. 'थांबलं' हा शब्द मी तोंडातून काढत नव्हते. नवरा एकदा म्हणाला, "बऱ्याच दिवसांत नाही ना?" तर मी त्याच्यावर अशी खेकसले की त्याने पुन्हा विषय काढला नाही.

बाळंतपण बोरिवलीलाच झालं. मुलगी झाली. हॉस्पिटलात मला पलंगावर बसवून माझ्या हातात बाळ दिलं, आणि माझ्या हाताखाली मुलीने स्वतःचा हात ठेवला. टाके दुखत असताना ती तशी वाकून बसली. मी काही बोलले नाही. न बोलणं मला किती जड जातं ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. बारशालाही तेच. मी बाळ घेतलं की कोणाचा ना कोणाचा हात खाली यायचा, जावयाचा, विहीणबाईंचा. सगळे प्रेमानेच करत होते. मला मात्र दर वेळी वाटायचं, आपण उसनं घेतलेलं भांडं हातात धरलंय.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "जमिनीवर बसून, मांडीवर, खुशाल घ्या. पाण्याजवळ नाही, गॅसजवळ नाही, बाळ घेऊन जिना नाही. गोळी चुकवायची नाही आणि झोप मोडायची नाही. पुढचं पुढे बघू." हे मी मुलीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ती "हं" म्हणाली. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "आई, मी येते थोडे दिवस. दुपटी आहेत ना तिकडे?"

दुपटी विचारतेय मला. ढीग होता घरात.

ती आली. पहिले दोन दिवस ती माझ्या आसपासच होती. बाळ माझ्याकडे दिलं की समोर बसायची, मोबाईल हातात, पण डोळे माझ्यावर. बाळाला तेल लावायला आणि न्हाऊ घालायला खालच्या चाळीतली एक मावशी यायची. तिसऱ्या दिवशी ती निघताना मुलगी तिला म्हणाली, "मावशी, उद्यापासून तेल आई लावेल. तुम्ही फक्त आंघोळीला या." मावशीला कळलं तेव्हाच मलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉलमध्ये चटई टाकली, भिंतीला पाठ टेकली, गाऊन गुडघ्यापर्यंत घेऊन पाय सरळ पसरले. वाटीत कोमट खोबरेल. मुलीने बाळाला माझ्या पायांवर पालथं ठेवलं. एवढीशी पाठ, माझा एक तळवा पुरला. मी मानेपासून खाली तेल चोळायला लागले. हाताला सगळं आठवत होतं. बाळाने आधी भोकाड पसरलं, मग हुंकार देत पडून राहिलं.

मुलगी थोडा वेळ बघत बसली. मग उठली, खांद्यावर टॉवेल घेतला आणि म्हणाली, "मी नाहून येते." गेली. बाथरूमचं दार लागलं, आतून कडी लागली.

बालवाडीत असल्यापासून ही मुलगी दोन तांब्यांत आंघोळ उरकायची, तीसुद्धा दार अर्धं उघडं ठेवून. बाहेर आई एकटी असायची ना. मी कितीदा रागावले तिला, दार लावत जा, मोठी झालीस, म्हणून. तिने कधी लावलं नाही. मला वाटायचं, धांदरट आहे.

आत बादली भरायला लागली. ती भरली, रिकामी झाली, पुन्हा भरायला लागली. ती केस धूत होती. नवरा पेपर घेऊन बाहेर आला, बंद दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "बराच वेळ झाला. हाक मारू का तिला?"

"खबरदार," मी म्हटलं. "न्हाऊ दे सावकाश. तिची आई बसलीय बाहेर."